मिस्फाच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी बुटाचा तळ सुटला,
जीभ काढून लोंबू लागला.
अकरा वर्षं ओमानात :
लिफ्ट, गाडी, पुन्हा लिफ्ट.
या देशाचा दगड
पायाला कधी लागलाच नव्हता.

खडकांवर रंगवलेले पट्टे शोधत,
शेळ्यांच्या लेंड्यांवरून घसरत
उतरलो फलजपाशी.
हातभर रुंद पाणी,
कुणाचीच घाई नसलेलं.

हुमैद म्हातारा म्हणाला, "गाडी कुठंय?"
नाही म्हटल्यावर
त्यानं बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
खजुरीच्या दोरीनं तळ आवळला,
गाठ दातांनी ओढली.
"सुट्टी आहे, आणि चालतोयस?"
हे मात्र तो गाढवाला म्हणाला.

मस्कतला नवे बूट घेतले.
जुने दाराशीच आहेत.
ती गाठ
मला अजून सुटत नाही.