टोनोपाच्या अलीकडे

ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं,
हे श्रीरंगला तीन दिवसांत जमलेलं नाही.
मी मागे उभी, हातवारे करत :
डावीकडे. तुझ्या नाही रे, माझ्या.
शेजारचा म्हातारा बिअरचा कॅन खाली ठेवून बघतो,
बोलत काहीच नाही. सभ्य माणूस.

सकाळपासून नुसता नेवाडा.
एक पेट्रोल पंप, बंद.
एक कोयोटी, किंवा कुत्रा.
कुठल्याशा वळणावर कपाटाचं दार उघडलं असणार,
डाळ-तांदूळ फरशीवर एक झालेत.

तन्मयी एलीपासून गप्पच होती.
आता उतरते, हेडफोन गळ्यात,
खिडकीशी जाते.
"बाबा, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर.
जिकडे हात, तिकडे ट्रेलर."

आणि ते धूड जातं की मुकाट
दोन जुनिपरांच्या मधे,
संध्याकाळी म्हैस गोठ्यात शिरते तसं.
"कुठं शिकलीस गं?"
खांदे उडवते. चाकांखाली दगड सारते, पायानेच.

टॉर्च दातांत धरून मी खडे निवडते.
थोडा नेवाडा राहणारच खिचडीत.
पहिली शिट्टी झाली
तसा म्हाताऱ्याचा कुत्रा भुंकत सुटला,
आणि आम्ही तिघं
कधीचं अडलेलं
हसत बसलो.