सातवी भेट

रेडरुथच्या टेकडीवर बंद कथिलखाणीचं धुराडं,
त्याच्या पायथ्याशी कौन्सिलच्या घरांची रांग.
एकवीस नंबर. बेल बिघडलेली.
मी टपालाच्या फटीचं झाकण वाजवते.
टॅमसिन दार उघडते आणि पाठ फिरवून आत जाते.
हेच तिचं स्वागत.
सात आठवड्यांत मला ते आवडायला लागलंय.

आत ओल शोषणारं यंत्र घुरघुरतंय.
ओट्यावर दुधाच्या सहा बाटल्या, प्रत्येकीवर वेळ,
अक्षर असं की शाळेत बक्षीस मिळावं.
"ते साडेपाचला उठलं," ती सांगते.
"ते दीडशे मिली प्यालं. ते रडलं. मग थांबलं."

ते म्हणजे पिरान.
वय पाच महिने, त्यातले नऊ आठवडे काचेच्या पेटीत,
जिथे आईचा हात आत जाई
तो गोल भोकातून, मनगटापर्यंत,
आणि परिचारिका घड्याळ बघत असे.

मी जमिनीवर बसते. गुडघे कुरकुरतात.
पिशवीतून लाल रुमाल काढते, लाकडी चमचा काढते,
आणि मग काहीच करत नाही.
काही न करण्याचा मला पगार मिळतो,
असं माझी बहीण म्हणते. ती बँकेत आहे.

पिरान रडायला लागतो.
माझे हात शिवशिवतात.
पण माझ्या मांडीवर तो गप्प झाला
तर मी जिंकेन आणि ती हरेल,
म्हणून मी हातांवर बसते, अगदी खरोखर,
तळवे मांड्यांखाली, गालिच्याचे दोरे बोटांत रुतलेले.

टॅमसिन त्याला उचलते, तोंड खिडकीकडे करून,
जड ट्रे न्यावा तशी.
"बघ," ती म्हणते, "याला मी नको असते."

याला.
मी कुठेही लिहून घेत नाही. पण कानात ठेवते.

मागच्या खेपेचं चित्रण मी पडद्यावर लावते.
खूप वेळ काही घडत नाही. ती किटली भरायला उठते,
चौकटीबाहेर जाते, आणि पिरानची मान,
ती डगमगती, कालपरवा सावरलेली मान,
वळते. तिच्या मागे. रिकाम्या दाराकडे.
चार सेकंद.
"गॅस झाला असेल," टॅमसिन म्हणते.
"असेल," मी म्हणते.
"पुन्हा लाव."
मी पुन्हा लावते.
तिसऱ्यांदा ती स्वतः बोट पुढे करते,
मान वळण्याआधीच थांबवते, आणि नुसती बघत राहते
त्या न वळलेल्या मानेकडे.

मग म्हणते, पडद्यालाच,
"पेटीत होतं तेव्हा मी नाव ठेवू दिलं नव्हतं.
जोरी बोटीवर होता. मी म्हटलं, तो येऊ दे.
खरं तर तो आला होता. दोनदा."

यंत्र घुरघुरतं. यावर बोलायचं नसतं,
हे शिकायला मला अकरा वर्षं लागली,
आणि तरीही जीभ दातांत धरावी लागते.

"थंडी वाजतेय का तुला?"

मी तोंड उघडते. नाही, स्वेटर आहे की माझ्या अंगात,
असं म्हणणारच असते,
तेवढ्यात दिसतं, तिची मान खाली आहे.
प्रश्न मला नव्हता.
ती त्याचा मोजा वर ओढतेय,
आणि तो तिच्या हनुवटीकडे बघतोय,
उत्तर जणू तिथेच लिहिलंय.

गाडीत फॉर्म भरते.
"आई-बाळ नातं : शून्य ते दहा."
मागच्या वेळी तीन लिहिलं होतं.
पेन टेकवते, उचलते. काचेवर समुद्राकडचं धुकं.
तीनच लिहिते.
तुला या शब्दासाठी रकाना नाही.

पुढच्या मंगळवारी तिने दार उघडलं नाही.
झाकण वाजवलं. थांबले.
आतून कुणीतरी हळू आवाजात कुणाला तरी म्हणालं,
"श्श, तू गप्प बस."
मी पायऱ्या उतरले,
आवाज न करता,
हसू दाबत.