निव्वळ वजन

पहाटे चारला कंटेनर काट्यावर चढतो,
न्हावाशेव्याहून आलेला,
ड्रायव्हरच्या डोळ्यांत दोन रात्रींची झोप.
मी लिहितो: भरलं वजन.
मुनीम सील तोडतो, दार कुरकुरतं,
आणि दुसऱ्याच कुठल्या गावच्या पावसाचा वास येतो.
जालन्यात आभाळ कोरडं असतं तेव्हाही
आमच्या आवारातला गंज ओला असतो.

आत काय नसतं.
मिठानं खाल्लेली मोटारींची दारं,
दवाखान्याच्या खाटा,
एका घराचा नंबर, सत्तेचाळीस, पाटीसकट,
आणि मुठीएवढ्या सीटच्या
लेकरांच्या सायकली.

कौतिकाबाई ढिगावर बसते, हातोडी घेऊन.
ठोकते. ऐकते.
हे बीड. हे पितळ. हे नुसतंच रंगवलेलं.
लोखंडाचा देश तिला आवाजावरून कळत नाही,
तिथली माणसं किती लवकर कंटाळतात ते कळतं.
"चाक बी झिजलं न्हाई, बगा," म्हणते,
"आन् टाकून देलं."

भाव साडेदहाला येतो, मालकाच्या फोनवर,
समुद्रापलीकडून.
कुठल्याशा काचेच्या खोलीत कुणी खांदे उडवले
की आमच्या दोन भट्ट्या गार होतात,
बिहारची पोरं तिकिटं शोधू लागतात,
टपरीवाल्या मुनीरचं दूध तसंच नासतं.
सोन्याचा पाळणा म्हणायचे या गावाला.
हलतो अजून.
दोरी तेवढी फार लांब गेलीय.

गेल्या साली ढिगातून एक नळकांडं निघालं,
बंद तोंडाचं.
रामकिसननं त्याला गॅस-कटर लावला.
विम्याच्या कागदावर रकाना होता: मालाचं नुकसान.
मी लिहिलं: नाही.
खरंच नव्हतं. माल सगळा जागेवर होता.

परवा कौतिकाबाई काट्यापाशी आली,
हातात वाकडी सळई, दीड वीत,
टोकाला सिमेंटचा गोळा,
गोळ्यावर निळी भिंत, नखाएवढी.
"वाचा," म्हणाली.
सळईच्या अंगावर उठलेला शिक्का आमच्याच मिलचा.
बारा वर्षांमागं असला माल आखातात धाडला होता,
त्याची पावती माझ्याच अक्षरातली असणार.
कुणाचं घर होतं, कशानं पडलं,
हे कंटेनरच्या कागदात लिहीत नाहीत.
लिहितात: मिश्र, जड, भट्टीयोग्य.

"मपल्याच हातची हाय," ती म्हणाली,
"माघारी आली."
आणि पोरीचं तोंड पुसावं
तशी पदरानं पुसली.

ती काट्यावरच उभी होती. आकडा चाळीस.
म्हटलं, सळई ठेव जरा बाजूला.
ठेवली. आकडा चाळीस.
आमचा काटा दहा-दहाच्या पटीत मोजतो,
मधलं त्याला दिसत नाही.

"हिला परत आगीत घालायची का?"

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.
मी कागद सारखे करत राहिलो.
सुट्टीच्या भोंग्याला ती फाटकातून गेली,
पदराआड काहीतरी धरून, जरा कलून.

बाहेर जाणाऱ्या किलो-किलोचा हिशोब
माझ्या वहीत असतो.
त्या संध्याकाळी एवढं एक
लिहायचं राहून गेलं.