साठ मिनिटांची

युग संपलं की कुणी येऊन सांगत नाही.
मत्रहच्या सूकमागे हमदुल्यांच्या दुकानात तरी
कुणी आलं नव्हतं.

कोऱ्या कॅसेटी विकायचे ते.
लोक त्यात पत्रं बोलून पाठवायचे
दाभोळला, मुरुडला.
उत्तरात बायकोचा आवाज, मागे कोंबड्या,
आणि बाजू संपता संपता
अर्धंच राहिलेलं "तब्येतीला ज—"

मग फोन स्वस्त झाले. तेव्हाही वाटलं नाही.
शेजारचा टेलर गाशा गुंडाळून केरळला गेला, तेव्हाही नाही.

परवा एक पोरगा आला.
कॅफेच्या भिंतीला लावायला दोनशे हव्यात म्हणाला.
रियाल दुप्पट दिले.
वाजतात का, हे विचारलंच नाही.

हमदुले नोटा मोजत होते,
मधेच अडखळले,
पुन्हा एकपासून सुरू केलं.