बावन्न टक्के मिस्त्री

माझ्या कॉम्प्युटरात एक फोल्डर आहे, नाव ‘पोत’.
त्यात माणूस एकही नाही.
मोंढ्यातल्या बारदान्याची वीण,
टपरीचा गंजून पापुद्रे सुटलेला पत्रा,
दुधनेकाठचा गाळ,
साय धरलेल्या चहाचासुद्धा एक फोटो,
तो अजून कुठं लागला नाही.

रविवारी शटर अर्धं ओढून
सेलूभर मी भिंती टिपत फिरतो.
लोक विचारतात, कामून रे, नगरपालिकेनं पाठवलं का?
पाडायचंय का रुंद करायचंय?
दोघं-तिघं तर केस नीट करून भिंतीपुढं उभेच राहतात.
त्यांना ‘बाजूला व्हा’ म्हणणं जिवावर येतं.

आईला पोत म्हणजे गळ्यातली.
वडील जमिनीचा म्हणायचे, चिमटीत माती चोळून.
नवरात्रात गोंधळी पेटवून नाचवायचा
तोही पोतच.
माझा यातला कोणता, ठरलेलं नाही.

परवा नाझनीन आली, चाँदपाशा मिस्त्रींची नात.
पुण्यात फ्लॅट घेतलाय, हॉलमध्ये लावायचाय दादांचा फोटो.
“पेंटिंगसारखा करा. फोटो वाटला नाही पाहिजे.”
मिस्त्री सोबतच होते.
नवरदेव बसतात त्या स्टुलावर बसले,
पाय जमिनीला न टेकता.

आधी पत्रा घातला. मल्टिप्लाय केल्याबरोबर
मिस्त्री आजारी दिसायला लागले.
मग बारदाना, सॉफ्ट लाइटवर.
टोपीला झकास, पण दाढीतून सुतळी निघाल्यागत.
मग एक भिंत ओढून आणली,
फाइलीला नाव नाही, नुसता आकडा.
चुन्यावर चुना, खाली नीळ,
निळीखाली विटेचा लाल,
मधून एक काळपट ओघळ.
चाळीस टक्क्यांवर ठेवली, आणि काय सांगू,
फ्लॅशची झगझग विझली,
कुणीतरी तीन दिवस बसून
कुंचल्यानं कपाळ भरलं असावं तसं.

फक्त गालावर एक भोक आलं.
खिळ्याचं.
मास्क घेतला, मऊ ब्रश,
भोक पुसायला लागलो.

“थांब.”
मिस्त्री उठले, चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला.
“हा आपला खिळा.”

मला वाटलं, म्हातारा भरकटला.

“प्रेसिंगची आतली भिंत ही. दाराच्या डाव्या अंगाला.
एकवीस वर्षं इथं सदरा टांगला.
कापूस बसायचा ना अंगावर, बनियनवरच काम.
आन खाली तेलाचा हात पुसायचो,
ते बघ, काळं.”

मी ज्याला ओघळ समजून खूश झालो होतो
ती त्यांची बोटं होती.

भिंत आता नाही.
मी टिपली त्यानंतर दीड महिन्यात
तिथं फक्कीच्या रेषा पडल्या, प्लॉट नंबर एक ते चौसष्ट.
हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

“एक कर,” मनले, “माझा चेहरा जरा कमी कर.
भिंत येऊ दे.”
नाझनीन म्हणाली, दादा, मग तुम्ही दिसणार कसे?
“दिसतो की. तू खिळा बघ.”

लेअर खालीवर केले.
भिंत तळाला, पूर्ण.
तिच्यावर मिस्त्री, साठ टक्के. पंचावन्न.
पन्नासला नात घाबरली.
“ओ दादा, जाताय तुम्ही.”
बावन्नवर दोघांचं जमलं.

कॅनव्हासवरची प्रिंट परभणीहून येईल, शुक्रवारी.
अॅडव्हान्स पाचशे. पावती फाडली.
जाताना मिस्त्री दारात थांबले.
तिथं माझा एक खिळा आहे, शटरची किल्ली टांगायचा.
बोटानं हलवून बघितला.
“ढिला हाय,” मनले.
“लाकडाचा गुटका ठोक आधी.”