शंभर नावं

सावद्याला, केळीच्या वखारीमागच्या खोलीत
पलंगाखाली पावडरीचे अकरा डबे.
मोबाइलमधली मॅडम म्हणते,
विकू नका ताई, माणसं जोडा.
आधी शंभर नावं लिहा.

लिहायला बसले.
पुष्पा वारके. शिलाई मशीनचा हप्ता चालू.
धाकटी नणंद.
फैजपूरची निर्मला : पोरगं घरी बसून, लवकर ऐकेल.

लवकर ऐकेल?
हे माझं अक्षर?

मलाही कुणी असंच लिहिलं असेल,
यांच्या तेराव्याला पंगतीत जेवून उठल्यावर :
कोकिळा फिरके. एकटी. विम्याचे पैसे आलेत.

केळीच्या बुडाशी पिलं फुटतात,
माय घड देते नि आडवी होते,
मग पिलाची पाळी.
इथं पिलांनीच पोसायची वरची एक,
जिला मी फक्त गोल फोटोत पाहिलंय,
समुद्रापुढे हात पसरलेली.

संध्याकाळी चारुलता आली,
हातात बिबड्यांची पिशवी.
मला हिनंच जोडलेलं.
"किती झाली गं नावं?"

तीन होती. खोडली.
बस, चहा टाकते.
मला सांग,
तुझं कुणी लिहिलं होतं?