एक्केचाळीस ओळी वजा

मिरजेत, सतारमेकर गल्लीत, दुकानाच्या माळ्यावर
माझा लॅपटॉप. खाली बालेचांदभाई
तंबोऱ्याची जवारी काढतायत.

ड्रायव्हरमध्ये एक फंक्शन सापडलं :
साउंड चिप झोपी जाताना
आवाज किती होता ते लिहून ठेवणारं.
अख्ख्या कर्नलमध्ये शोधलं.
नाव एकदाच येतं, त्याचं स्वतःचं.
हाक मारणारं कुणीच नाही.
वर कुणा येशुदासन नावाच्या माणसाची टीप : पुढे लागेल.
तिला तेरा वर्षं झाली.

काढलं. त्याच्याच जिवावर जगणारी दोन व्हेरिएबल्स
मग कंपायलरनंच दाखवली. तीही काढली.
एक्केचाळीस ओळी, प्रत्येकीपुढे वजा.
बिल्ड झाला, वॉर्निंग नाही.
गाणं लावलं. कालच्यासारखंच वाजलं.

चहाला खाली उतरलो.
घोडीवर कानस एकदाच, अलगद फिरवून
भाईंनी तार छेडली
आणि बसलेला आवाज उघडला.
"तू काय केलंस रे सकाळपासून?"
"मीपण घासतच होतो."
"आवाज बदलला?"
"नाही."
"जरासुद्धा?"
"नाही."
त्यांनी घोडीवरची भुकटी फुंकली.
"मग घासलंस कशाला?"

वर येऊन कारणाच्या जागी लिहिलं :
याला कुणी हाक मारत नाही.
पाठवण्याआधी थांबलो, आणि
प्रत कुणाला, त्या ओळीत
येशुदासनचा जुना पत्ता घातला.
पोचेल न पोचेल.